बरणीवरची सुयांची उशी

सुई नाही असे घर सापडणार नाही, पण सुईला ठरलेली जागा आहे असे घरही क्वचितच सापडते. कुणी ती कॅलेंडरला टोचून ठेवते, कुणी पडद्याला, कुणी दोऱ्याच्या रिळात. दूध उतू जायला आले, दाराची बेल वाजली, की हातातली सुई गादीला टोचली जाते आणि तिथेच राहते. मग ती सापडते कुणाच्या तरी पायाला. घरात रांगते मूल असेल तर जमिनीवरची प्रत्येक वस्तू त्याच्या तोंडात जाते. म्हणून हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मी शिवणाचा वर्ग घेते. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी मी बरणीच्या झाकणावरची पिनकुशन करायला लावते. तिला एकही टाका घालावा लागत नाही, त्यामुळे शिवण न येणाऱ्यालाही ती जमते.

साहित्य घरातलेच. जॅमची किंवा कॉफीची फिरकीच्या झाकणाची काचेची बाटली घ्या. ती धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. आत ओल राहिली तर हुक आणि बटणे गंजतात. झाकण ६ सेंटिमीटर व्यासाचे असेल तर कापडाचा गोल १५ सेंटिमीटरचा कापा. मोठ्या झाकणाला अडीचपट धरावे. कापड दाट विणीचे सुती हवे. तलम रेशमी कापडावर सुईची भोके दिसत राहतात आणि जाड जीनमध्ये सुई शिरत नाही.

भरणाला मात्र विचार लागतो. कापूस सहज मिळतो, पण तो दमट हवेतली ओल धरून ठेवतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, त्यात टोचलेल्या सुयांवर गंज चढतो. स्वेटर विणून उरलेल्या लोकरीचे तुकडे किंवा चाळून वाळवलेला लाकडाचा भुसा अधिक चांगला. बाजारात टोमॅटोच्या आकाराची पिनकुशन मिळते. तिला लोंबणाऱ्या लहानशा स्ट्रॉबेरीत पूर्वापार कुरुंदाच्या जातीची भुकटी भरतात. कुरुंद म्हणजे धार लावण्याच्या चाकात वापरला जाणारा कठीण दगड. त्या भुकटीत सुई चारपाच वेळा खुपसली की वरचा गंज निघतो आणि टोक साफ होते.

आता कृती. झाकणापेक्षा किंचित लहान असा जाड पुठ्ठ्याचा गोल कापा. कापड उलटे पसरून मधोमध भरण दाबून ठेवा, त्यावर पुठ्ठा ठेवा. पुठ्ठ्याच्या कडेला फेविकॉल लावून कापड आत ओढून चिकटवा. आधी समोरासमोरच्या चार बाजू, मग मधल्या. सलग एकाच बाजूने गेलात तर उशी वाकडी होते. वाळेपर्यंत चिकटपट्टीने धरून ठेवा, मग ती काढा. उशी साधारण ३ सेंटिमीटर उंच आणि हाताला घट्ट लागली पाहिजे. सैल उशीत सुई उभी राहत नाही, आत बुडते.

ही उशी झाकणावर बसवायला फेविकॉल नको. तो पाणी उडून घट्ट होतो आणि पत्र्यात पाणी मुरत नाही. चप्पल जोडायचे रबरी सोल्यूशन आणा. ते झाकणाला आणि पुठ्ठ्याला दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासे झाले की दाबून बसवा. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर करावे, कारण सोल्यूशन पेट घेते. शेवटी जोडावर जुन्या साडीचा काठ किंवा लेस चिकटवा, पण झाकणाच्या खालच्या कडेपर्यंत येऊ देऊ नका. नाहीतर बाटलीची फिरकी बसणार नाही.

बाटलीत रिळे, बटणे, हुक, अंगुस्तान ठेवता येते. काचेतून सगळे दिसते आणि वजनामुळे बाटली कलंडत नाही. सुई सरळ न टोचता तिरकी टोचावी, म्हणजे टोक पुठ्ठ्यावर आपटून बोथट होत नाही.

सुया मात्र मोजून ठेवा. माझ्या उशीवर पाचच असतात आणि प्रत्येकीत वीतभर दोरा ओवलेला असतो. खाली पडली तरी दोऱ्यामुळे दिसते. शिवण आटोपले की आधी पाच मोजायच्या, मग उठायचे. एक कमी भरली तर झाडू मारण्याआधी लोहचुंबक फिरवावे. मुलाने सुई गिळल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठावा.

तुटलेली सुई कधीही सुटी कचऱ्यात टाकू नये. कचरा वेचणाऱ्यांचे हात बहुधा उघडेच असतात. औषधाची रिकामी डबी ठेवा, मोडक्या सुया-टाचण्या तिच्यात जमवा आणि भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून मगच टाका.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)