पुराव्याधिष्ठित मानसोपचार : संशोधनाची वाटचाल आणि गोव्यातील प्रयोग

प्रस्तावना

दुःखी माणसाशी बोलून त्याचे मन हलके करण्याची रीत सर्वच समाजांत पूर्वापार चालत आली आहे. घरातील वडीलधारी मंडळी, गुरू, कीर्तनकार आणि मित्र यांनी हे कार्य पिढ्यान्‌पिढ्या केले. तथापि अशा बोलण्यास ‘उपचार’ ही संज्ञा द्यावयाची असेल, तर त्याला काही कसोट्या लावणे क्रमप्राप्त ठरते. ते बोलणे कोणत्या विकारावर, किती जणांना आणि किती काळ उपयोगी पडते? काहीच न करता आला असता त्यापेक्षा त्याचा परिणाम अधिक असतो काय? या कसोट्यांवर उतरलेल्या पद्धतींना पुराव्याधिष्ठित मानसोपचार असे म्हटले जाते. बोधनिक-वर्तनी उपचारपद्धती, म्हणजेच सीबीटी, ही त्यांतील सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धती होय.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने हा विषय आता केवळ मानसशास्त्र विभागापुरता राहिलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यनिहाय सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात झाल्या. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असा निर्देश दिला. समुपदेशक नेमल्यानंतर त्याने नेमके काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र संशोधनातच शोधावे लागते. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाची वाटचाल आणि गोव्यात झालेल्या प्रयोगांचा अर्थ यांचा परामर्श घेतला आहे.

प्रश्नाचा उगम

१९५२ मध्ये हान्स आयसेंक या मानसशास्त्रज्ञाने एक खळबळजनक विधान केले. मज्जाविकृतीचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत सुधारतात. मग त्यांच्यावर मानसोपचार झालेले असोत वा नसोत, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या आकडेवारीवर पुढे बरीच टीका झाली. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता. नैराश्याची तीव्रता कालमानाने कमी-अधिक होत असते. मनुष्य उपचारासाठी येतो तो बहुधा त्रास कळसास पोहोचलेला असताना. म्हणजे त्यानंतर थोडाफार उतार पडणे स्वाभाविकच असते. शिवाय कोणीतरी आपल्याकडे लक्ष देत आहे या जाणिवेनेही बरे वाटते. म्हणूनच ‘रुग्ण बरा झाला’ एवढ्यावरून ‘उपचाराने बरा झाला’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

यावर उपाय म्हणून यादृच्छिक नियंत्रित चाचणीची पद्धत मानसोपचारांतही स्वीकारण्यात आली. समान स्वरूपाचा त्रास असलेल्या व्यक्तींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करावयाची, एका गटास विशिष्ट उपचार द्यावयाचे, दुसऱ्यास नेहमीची काळजी द्यावयाची आणि कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने ठरावीक मुदतीनंतर दोहोंची मोजणी करावयाची, असे तिचे स्वरूप असते. १९७७ मध्ये मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी मानसोपचारांच्या जवळजवळ ३७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्या सुमारे ७५ टक्के व्यक्तींपेक्षा चांगल्या स्थितीत असते, असे त्यांना आढळले. आयसेंकच्या प्रश्नास मिळालेले हे पहिले भक्कम उत्तर होय.

बोधनिक-वर्तनी उपचारपद्धतीचे स्वरूप

या पद्धतीची पायाभरणी दोघांनी स्वतंत्रपणे केली. अल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. मराठी वाचकांना तिचा परिचय प्रामुख्याने कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे झाला. घटना थेट भावना निर्माण करीत नाही. घटनेविषयीची आपली धारणा ती निर्माण करते, हे तिचे सूत्र आहे. दुसरा प्रणेता ॲरन बेक (१९२१–२०२१) हा मनोविश्लेषणात प्रशिक्षित झालेला मनोविकारतज्ज्ञ होता. नैराश्य म्हणजे स्वतःकडे वळलेला रोष, हा मनोविश्लेषणाचा सिद्धान्त त्याने रुग्णांच्या स्वप्नांच्या अभ्यासातून पडताळून पाहिला. त्यास तेथे रोष नव्हे, तर हानी आणि अपयश यांच्या कल्पना आढळल्या. त्यातून ‘आपोआप येणारे विचार’ ही त्याची संकल्पना आकारास आली.

एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. एखादा विद्यार्थी एका विषयात अनुत्तीर्ण होतो. ‘मी कशाच्याच लायकीचा नाही, घरच्यांना तोंड दाखवता येणार नाही’ असा विचार त्याच्या मनात क्षणार्धात येतो आणि तो त्यास विचार न वाटता वस्तुस्थिती वाटते. या पद्धतीत उपचारक त्याची समजूत घालीत नाही. तो विचार कागदावर लिहावयास लावतो, त्याच्या बाजूचा व विरुद्ध बाजूचा पुरावा विद्यार्थ्याकडूनच मांडून घेतो आणि पुढील भेटीपर्यंत त्या विचाराची प्रत्यक्ष व्यवहारात परीक्षा करण्याचे काम सोपवितो. धीर देणे आणि उपचार करणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

१९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नैराश्याच्या ४१ रुग्णांवर बारा आठवडे बेकची पद्धती आणि इमिप्रामिन हे औषध यांची तुलना करण्यात आली व ही पद्धती सरस ठरली. ही चाचणी लहान होती. परंतु बोलण्याचे उपचार औषधाच्या बरोबरीने तोलता येतात हे तिने दाखवून दिले.

परिणामकारक घटक कोणता?

यापुढील प्रश्न अधिक सूक्ष्म होता. या पद्धतीतील नेमका कोणता अंश गुणकारी आहे? १९९६ मध्ये नील जेकबसन व त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीडशे रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटास संपूर्ण सीबीटी, दुसऱ्यास वर्तन व आपोआप येणारे विचार यांवरील काम आणि तिसऱ्यास केवळ वर्तन-सक्रियता देण्यात आली. नैराश्यग्रस्त व्यक्ती एकेक कामे सोडून देते, त्यामुळे तिच्या आयुष्यातील समाधानाचे प्रसंग आटतात आणि खिन्नता वाढते. हे चक्र उलटे फिरविण्यासाठी लहान लहान कृती ठरवून त्या पार पाडावयाच्या, हे वर्तन-सक्रियतेचे सार होय. तिन्ही गटांच्या परिणामांत उल्लेखनीय फरक आढळला नाही.

हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. २०१६ मध्ये इंग्लंडमधील ४४० रुग्णांवरील चाचणीत त्यास दुजोरा मिळाला. तेथे कनिष्ठ मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी दिलेली वर्तन-सक्रियता ही अनुभवी मानसोपचारकांनी दिलेल्या सीबीटीपेक्षा उणी ठरली नाही. शिवाय तिचा खर्चही कमी आला. जी पद्धती साधी आहे ती अधिक लोकांना शिकविता येते आणि म्हणून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचू शकते, हे यातून सूचित झाले. भारतासारख्या देशात या सूचनेचे मोल मोठे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्या सुमारे ८५ टक्के व्यक्ती उपचारांपासून वंचित होत्या.

गोव्यातील प्रयोग

ही सूचना भारतीय परिस्थितीत पडताळून पाहण्याचे काम गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली केले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ चाचणीत १२ शासकीय केंद्रे आणि १२ खाजगी दवाखाने यांचा समावेश होता. मानसिक आरोग्याची पूर्वपात्रता नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना तेथील डॉक्टरांच्या जोडीला देण्यात आले. शासकीय केंद्रांत सहा महिन्यांनंतर ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, कारण तेथे समुपदेशकाविनाही बरे होण्याचे प्रमाण बरेच होते. नियंत्रित गट नसता तर ही बाब ध्यानात आली नसती.

त्यानंतरचा प्रयोग अधिक नेमका होता. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यासाठी वर्तन-सक्रियतेवर आधारित सहा ते आठ भेटींचा कार्यक्रम तयार करण्यात आला. आजाराचे नाव देऊन रुग्णास बिचकविण्याऐवजी लोकांच्या तोंडी असलेल्या ‘टेन्शन’सारख्या शब्दांत बोलणे, लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी लेखी गृहपाठ टाळून तो भेटीतच करून घेणे, घरातील जवळच्या व्यक्तीस सामील करून घेणे, रुग्ण केंद्रावर येऊ न शकल्यास घरी भेट देणे, असे बदल त्यात होते. समुपदेशक एकत्र जमून परस्परांच्या भेटींची ध्वनिमुद्रणे ऐकत आणि ठरावीक गुणपत्रिकेवर त्यांचे मूल्यमापन करीत. गुणवत्ता टिकविण्याची ही व्यवस्था उपचाराइतकीच महत्त्वाची होती.

२०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील सुमारे ४९५ प्रौढ रुग्ण तीत सहभागी होते. तीन महिन्यांनंतर हा कार्यक्रम मिळालेल्या ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. सुधारित नेहमीची काळजी मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. वर्षभरानंतर हे प्रमाण अनुक्रमे ६३ व ४८ टक्के असे राहिले. रुग्णांच्या सक्रियतेत झालेली वाढ हा परिणामाचा एक मार्ग असल्याचेही विश्लेषणातून दिसून आले.

हे उदाहरण एकाकी नाही. पाकिस्तानातील रावळपिंडीच्या ग्रामीण भागात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘लेडी हेल्थ वर्कर’ या गावपातळीवरील कर्मचारी स्त्रियांनी नैराश्यग्रस्त मातांना सीबीटीवर आधारित साहाय्य दिले. सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के माता नैराश्यग्रस्त राहिल्या होत्या. झिम्बाब्वेच्या हरारे शहरातील ‘फ्रेंडशिप बेंच’ या प्रयोगानेही हीच दिशा दाखविली.

मर्यादा

या यशाची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. नैराश्यावरील सीबीटीच्या ४०९ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात उपचार घेतलेल्यांपैकी ४२ टक्के व्यक्तींना लक्षणीय प्रतिसाद मिळाला. नियंत्रित गटात हे प्रमाण १९ टक्के होते. फरक मोठा आहे. परंतु निम्म्याहून अधिक जणांना अपेक्षित लाभ झाला नाही, हेही तितकेच खरे. अन्य मानसोपचारांच्या तुलनेत सीबीटीचे श्रेष्ठत्वही निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. मानसोपचारात औषधाप्रमाणे दिसावयास सारखी, पण निष्प्रभ गोळी देता येत नाही. त्यामुळे तुलनेचा गट कोणता निवडला यावर निष्कर्ष बराच अवलंबून राहतो. अनुकूल निष्कर्षच अधिक प्रमाणात प्रसिद्ध होतात, ही अडचणही येथे आहेच.

महाविद्यालयीन संदर्भ व समारोप

गोव्यातील प्रयोगांचा अर्थ लावताना दोन टोके टाळावी लागतील. ‘हे काम तज्ज्ञांचेच आहे’ असे म्हणून हात झटकणे हे एक टोक. ‘आपुलकीने बोलले की झाले’ असे मानणे हे दुसरे. तेथील समुपदेशक तज्ज्ञ नव्हते. परंतु त्यांच्या हाती लिखित आराखडा होता, प्रत्येक भेटीचा हेतू निश्चित होता, लक्षणांची नियमित मोजणी होत होती आणि त्यांच्या कामावर सातत्याने देखरेख होती. यांपैकी काहीही नसता केवळ सहृदयतेने तेवढाच परिणाम साधला असता, असे मानण्यास आधार नाही. शिवाय ते निष्कर्ष प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या प्रौढांविषयीचे आहेत. विद्यार्थ्यांना ते जसेच्या तसे लागू करणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. त्यासाठी महाविद्यालयांतच स्वतंत्र चाचण्या व्हावयास हव्यात.

पालक-शिक्षक योजनेतील अध्यापक हा उपचारक नव्हे. वर्गात येणे सोडलेला, मित्रांपासून तुटलेला विद्यार्थी वेळीच ओळखणे, त्याचे म्हणणे उपदेश न करता ऐकणे आणि त्यास समुपदेशकापर्यंत किंवा ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेपर्यंत (१४४१६) पोहोचविणे हे त्याचे कार्य होय. आत्महत्येचे विचार व्यक्त झाल्यास त्या विद्यार्थ्यास एकटे न सोडता तातडीने वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे अनिवार्य आहे. समुपदेशकाने मात्र कोणती पद्धती वापरली, लक्षणे कशाने मोजली, किती विद्यार्थ्यांना गुण आला आणि न आलेल्यांचे पुढे काय झाले, याची गोपनीयता राखून नोंद ठेवली पाहिजे. आयसेंकने १९५२ मध्ये विचारलेला प्रश्न आज प्रत्येक महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षासही लागू आहे. त्याचे उत्तर नोंदींच्या आधारे देता येणे, हीच त्या कक्षाच्या कार्याची खरी कसोटी ठरेल.