सौर पॅनेलचे तोंड कुठे आणि उतार किती?

आता बऱ्याच शाळांच्या आणि घरांच्या छतावर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. बसवणारा मोकळी जागा बघतो, सांगाडा ठोकतो आणि निघून जातो. पुढची वीस-पंचवीस वर्षं वीजबिल मात्र आपल्याला भरायचं असतं. म्हणून आधी आपणच थोडं समजून घेऊ. भूगोलातले अक्षांश इथे खरोखर कामाला येतात!

वर्गात टॉर्च घ्या. वहीवर सरळ प्रकाश पाडा, मग वही तिरकी करा. तोच प्रकाश जास्त जागेवर पसरून फिका पडतो. पॅनेलचंही तसंच. किरण काटकोनात पडले तर पूर्ण ऊन, लंबापासून 60 अंश कलले की निम्मंच.

आपल्याकडे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य डोक्यावरून दक्षिणेला कललेला असतो. म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे, आणि उतार साधारण गावाच्या अक्षांशाइतका. कोल्हापूरला 17, पुण्यात 18-19, नागपूरला 21 अंश. 22 डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्यापासून 42 अंश दक्षिणेला असतो. सपाट पॅनेलला तेव्हा थेट उन्हाचा जेमतेम पाऊण भाग मिळतो, उताराच्या पॅनेलला नऊ-दशांशाहून जास्त. जूनमध्ये सूर्य थोडा उत्तरेला जातो, तेव्हा सपाट पॅनेल बरं पडतं. पण तेव्हा ढगच असतात. शिवाय सपाट काचेवर धूळ आणि पाणी साचतं, ते वेगळंच.

उतार मोजायला महागडं यंत्र नको. 2 मीटर लांबीच्या पॅनेलची वरची कड खालच्या कडेपेक्षा सुमारे 62 सेंटीमीटर उंच असली की 18 अंश झाले. (दहावीची मुलं साइन काढून पडताळतील.)

दक्षिण शोधायला हिवाळ्यात मैदानात काठी उभी रोवा. बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करा. सर्वात आखूड सावली उत्तर दाखवते, तिच्या उलट दक्षिण. पुण्यात ही वेळ बाराची नसून साडेबाराच्या आसपास येते. का, ते मुलांनाच रेखांशावरून शोधू द्या.

छताचा उतार पूर्व-पश्चिम असेल तर घाबरू नका. उतार कमी असेल तर तोटा थोडाच होतो. सावलीचा तोटा मात्र मोठा. ओळीने जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर जरी टाकीची सावली आली तरी अख्ख्या ओळीची वीज घटू शकते. म्हणून जागा ठरवण्याआधी डिसेंबरात सकाळी नऊ ते दुपारी तीन टाकी, झाड, कठडा यांची सावली कुठवर येते ते खडूने छतावर आखून ठेवा.