तुटायचं कुठे, हे ठरवून ठेवलेला दोर

हॅरिस हिल, एल्मायरा, न्यूयॉर्क राज्य. टेकडीच्या माथ्यावरच धावपट्टी आहे आणि गवतावरचं दव अजून वाळलेलं नाही. श्वायझर २-३३ जातीचं ग्लायडर एका पंखावर कलून उभं आहे. मी पुढच्या आसनावर, प्रशिक्षक मागे.

समोर, आम्हाला ओढून वर नेणाऱ्या विमानाच्या दिशेनं, साठ मीटर दोर पसरलाय. एक मुलगी तो वीत वीत मुठीतून सरकवत येते आणि मध्येच थांबते. जमिनीवर फरपटताना त्याला गाठ बसली आहे. ती दोर बाजूला टाकून दुसरा आणते. ‘‘गाठीपाशी ताकद निम्म्यावर येऊ शकते,’’ मागून आवाज येतो.

या ग्लायडरचं कमाल वजन 472 किलो. अमेरिकी नियमानुसार दोर त्याच्या 80 टक्क्यांहून कमी ताणाला तुटता कामा नये आणि दुपटीहून जास्त ताण सोसणाराही नको. म्हणजे साधारण 377 ते 943 किलो. दोर याहून दणकट असेल, तर दोन्ही टोकांना ठरावीक ताणाला तुटणारे दुवे लावतात. ग्लायडरकडचा दुवा थोडा नाजूक ठेवतात. तो आधी तुटला, की दोर विमानाबरोबर जातो आणि ग्लायडर मोकळं उतरतं.

कडी हुकात बसते. हूक सुटतो ना, हे एकदा ओढून पाहतात, पुन्हा अडकवतात. ओढणारं पॉनी जातीचं विमान गरजतं, दोर ताठ होतो, आम्ही उचलले जातो.

संथ चढताना दोरावर शंभर किलोंचाही ताण नसतो. पण वळणावर आम्ही विमानाच्या जरा जवळ सरकतो आणि दोराला झोळ पडतो. माझा श्वास अडकतो. हा झोळ एकदम ताणला गेला, तर बसणारा हिसका सगळी गणितं मोडतो. प्रशिक्षक घाई करत नाहीत. ग्लायडर हलकेच तिरकं करतात, वेग मरतो. दोर ताठ होऊ लागताच नाक पुन्हा विमानाच्या रेषेत आणतात. धक्का जाणवतही नाही.

दोन हजार फूट. मी मूठ ओढते. खट्! आम्ही उजवीकडे, विमान डावीकडे. आवाज विरतो, खाली शमंग नदीचं खोरं उलगडतं.

उतरल्यावर दिसतं, ती मुलगी पुन्हा गवतावर वाकली आहे. तोच दोर, पुन्हा पहिल्या वितीपासून. आत्ता कळतं, माझा भरवसा त्या दोराइतकाच तिच्या बोटांवरही होता.