झिलाचं खेळणं, चेडवाचं खेळणं



आंगणेवाडीची जत्रा असो, कुणकेश्वरची असो, नाहीतर आपल्या गावच्या देवळातला दहीकाला असो. खेळण्यांच्या दुकानापुढे गर्दी ही व्हायचीच. पोर बोट दाखवतं, आईबाप खिसा चाचपतात, आणि दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, ‘‘कोणाक व्हया? झिलाक की चेडवाक?’’ झिलाक म्हटलं की गाडी, बंदूक, बॅट पुढे येते. चेडवाक म्हटलं की बाहुली, भातुकली, बांगड्यांचा डबा. पोराचं बोट मुळात कशाकडे होतं, हे मग कोणी पाहत नाही.

प्रश्न साधा आहे. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. गिऱ्हाइकाचा वेळ वाचावा एवढाच त्याचा हेतू. पण मुलांच्या हातात काय पडावं आणि काय पडू नये, हे त्या एका प्रश्नातच ठरून जातं. आणि आता तर तो प्रश्न विचारायला दुकानदारही लागत नाही. खोक्यावरचा रंग आणि त्यावरचं चित्रच सांगतं, की हे कोणासाठी आहे. म्हणून आज या गोष्टीचा जरा सावकाशीने विचार करू.

खेळणी म्हणजे काय, हे आपल्या सिंधुदुर्गाला कोणी सांगायला नको. सावंतवाडीची चितारआळी लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेली आहे. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड घ्यायचं, कातायचं, घासायचं, त्यावर रंग चढवायचा. आणि त्यातून आंबे, केळी, काजू, भोवरे, पांगुळगाडे, पोळपाट-लाटणी घडवायची. आता हे पाहा, ज्या यंत्रावर लाटणं कातलं जातं, त्याच यंत्रावर भोवराही कातला जातो. लाकूड तेच, रंगही तोच लाल, पिवळा, हिरवा. कारागिराच्या हातून खेळणं बाहेर पडतं तेव्हा त्यावर मुलाचं किंवा मुलीचं नाव नसतं. ते नाव चिकटतं ते पुढे, दुकानाच्या फळीवर.

कोणी म्हणेल, ‘‘अहो, पण मुलींना गुलाबी आणि मुलांना निळा, ही तर निसर्गाचीच आवड!’’ तसं नाही. १९१८ साली अमेरिकेत मुलांच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका मासिकानं अगदी उलट सल्ला दिला होता. गुलाबी रंग ठसठशीत, म्हणून तो मुलग्यांना घाला. निळा नाजूक, म्हणून तो मुलींना! पुढच्या काही दशकांत व्यापाऱ्यांनी हा कारभार उलटा केला, आणि आता सारं जग तो नियम मानून चाललं आहे. आपल्याकडे मात्र लग्नात नवरदेव गुलाबी फेटा बांधून ऐटीत मिरवतो, त्याला कोणी हसत नाही. मग त्याच नवरदेवाच्या मुलाला पुढे गुलाबी छत्री घ्यायची लाज का वाटावी?

याचं कारण बाजाराच्या हिशेबात आहे. समजा, एका घरात थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा आहे. मुलीसाठी लाल सायकल घेतली, तर ती मोठी झाल्यावर तीच सायकल भावाला चालते. एका सायकलवर दोन मुलं वाढतात. पण तीच सायकल गुलाबी केली, दांड्याला फुलं नि झालरी लावल्या, की धाकट्याला ती नको होते. त्याच्यासाठी दुसरी घ्यावी लागते. जे सायकलचं तेच दप्तराचं, छत्रीचं, पाण्याच्या बाटलीचं. वस्तूचे दोन भाग केले की विक्री दुप्पट होते, असा हा सरळ व्यवहार आहे. पैसे जातात ते मात्र आपल्या गाठीचे.

मोठ्या माणसांच्या वस्तूंचीही तीच गत. गोऱ्या रंगाचा हव्यास हा मुळातच खोटा. पण तो कसा विकला गेला, ते बघण्यासारखं आहे. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ नावाचं क्रीम भारतात आलं. बाई गोरी झाली की तिचं लग्न जमतं, नोकरी मिळते, असं त्याच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षं सांगितलं. तीस वर्षांनी, २००५ साली, दुसऱ्या एका कंपनीनं ‘फेअर अँड हँडसम’ काढलं. ते खास पुरुषांसाठी. म्हणजे आधी बाईला सांगायचं की तू काळी आहेस, आणि मग पुरुषाला सांगायचं की तूही काळाच आहेस, पण बायकांचं क्रीम लावू नकोस, तुझं वेगळं घे. पुढे चोहोकडून टीका झाली, तेव्हा २०२० साली पहिल्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढून टाकण्यात आला. नाव बदललं, पण पंचेचाळीस वर्षांत मनांवर बसलेला शिक्का काही एका दिवसात पुसला जात नाही.

रेडिओचाही यात वाटा आहे, हे इथे सांगायला हवं. १९६७ साली विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर या केंद्रांवरून जाहिराती सुरू झाल्या. तेव्हापासून साबण, चहा, मसाला, खतं, पंप यांची नावं गाण्यांच्या चालींवर आपल्या घरात येऊ लागली. जाहिरात ऐकताना एकदा मुद्दाम कान देऊन ऐका. धुण्याच्या साबणाबद्दल कोण काळजी करतं? पंपाबद्दल कोण बोलतं? आणि शेवटी ‘हेच घ्या’ असं ठासून सांगणारा आवाज कोणाचा असतो?

आता जरा आपल्या कोकणाकडे वळू. ‘हे बाईचं, हे पुरुषाचं’ ही वाटणी किती कच्ची आहे, हे आपल्याच मातीत दिसतं.

दशावतार आपण सगळ्यांनी पाहिला आहे. रात्री देवळापुढे पेट्रोमॅक्स किंवा विजेचा दिवा लागतो, आणि दिवसा शेतात राबलेला गडी लुगडं नेसून, तोंडाला रंग लावून, राणी होऊन उभा राहतो. त्याच्या रडण्यानं बायकांच्या डोळ्यांना पाणी येतं. बालगंधर्वांचं उदाहरण तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं आणि त्यातली त्यांची भामिनी गाजली. त्यांच्या नेसण्याची आणि दागिने घालण्याची नक्कल त्या काळच्या घरंदाज बायका करीत. बाईनं बाईसारखं कसं दिसावं, हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या! मग ‘बाईपण’ हे जन्मानं येतं की शिकवण्यानं, तुम्हीच सांगा.

आणि बाहुली? बाहुली म्हणजे मुलींचा खेळ, असं आपण म्हणतो. पण कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. तिथला ठाकर समाज पिढ्यान् पिढ्या कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करीत आला आहे. बाप्ये माणसं बाहुलीला दोरी बांधून नाचवतात, तिच्या तोंडून बोलतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लहानपणी बाहुली हातात घेतली म्हणून कोणी त्यांची थट्टा करून ती काढून घेतली असती, तर आपण केवढ्या कलेला मुकलो असतो!

उलट बाजूही पाहा. पैशाचा हिशेब हा पुरुषाचा, असं बँकेच्या आणि विम्याच्या जाहिरातींतून पुष्कळदा दिसतं. पण मालवणच्या मासळीबाजारात उभे राहा. पापलेटाचा भाव कोण ठरवतं? घासाघीस कोण करतं? कोणाची किती उधारी राहिली, हे वहीशिवाय कोण लक्षात ठेवतं? सारा व्यापार बायकांच्या जिभेवर चालतो. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत ‘स्वामिनी’ बचतगटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, आणि होडी स्वतः वल्हवतात. नारळी पौर्णिमेला नारळ लढवणं हा पुरुषांचा खेळ समजला जाई. अलीकडे मालवणात बायकांच्याही नारळ लढवण्याच्या स्पर्धा होतात, आणि गर्दीही चांगली जमते.

म्हणजे जगणं पुढे गेलं आहे, खोक्यावरचं चित्र मागे राहिलं आहे. यात नुकसान काय, असं कोणी विचारील. नुकसान आहे, आणि ते दोघांचंही आहे.

खेळणं ही मुलाची पहिली शाळा. ठोकळे रचताना मोजमाप कळतं, तोल कळतो. गाडी उघडून पुन्हा जोडताना यंत्र कळतं. भातुकलीत वाटून द्यायला, दुसऱ्याची वाट बघायला, काळजी घ्यायला मूल शिकतं. मुलीला फक्त भातुकली दिली, तर पाना तिच्या हाताला परका राहतो. उद्या होडीचं इंजिन बंद पडलं की ती दुसऱ्याच्या तोंडाकडे बघते. मुलाला फक्त बंदूक दिली, तर चूल त्याला परकी राहते. आपल्या कोकणच्या माणसाला तर याचा चटका पिढ्यान् पिढ्या बसला आहे. गिरण्यांच्या काळात आपले चाकरमानी मुंबईत एका खोलीत दहा-पंधरा जण राहत, आणि दोन वेळच्या जेवणासाठी खानावळीवर अवलंबून असत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायका कर्जात बुडालेल्या. त्यांनाच एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गड्याला रांधायला शिकवलं नव्हतं, आणि रांधणारीच्या कष्टाला मोल नव्हतं. एकाच चुकीची ही दोन टोकं.

गंमत अशी, की लग्नाच्या मांडवात पाचशे पानांचं जेवण करणारा आचारी पुरुषच असतो. म्हणजे स्वयंपाक पुरुषाला येत नाही असं नाही. पैसे मिळाले की तो धंदा. न मिळाले की ते बायकांचं काम!

सरकारी पाहणीचे आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात ते मोजलं. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची सरासरी २९९ मिनिटं जात होती. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ९७. आणि असा हात लावणारे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस. २०२४ साली पुन्हा मोजलं, तेव्हा बाईची २८९ मिनिटं होती आणि पुरुषाची ८८. पाच वर्षांत दोघांमधलं अंतर जेमतेम एका मिनिटानं घटलं. ही पाच तासांची सवय काही एका खेळण्यानं लागत नाही, हे खरं. पण पहिला धडा तिथेच मिळतो.

बदल होतो आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील मिळून भाजी निवडत बसले आहेत, पुरुष कपड्यांना इस्त्री करतो आहे, अशी चित्रं आली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जाहिरातींसाठी नवा नियम लागू झाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०२४ पासून मोठ्या दुकानांना खेळण्यांचा एक भाग मुलगा-मुलगी असा भेद न करता मांडावा लागतो. आपल्याकडे भारतीय जाहिरात मानक परिषदेनं २०२२ साली याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या म्हणतात, की जाहिरातीत बाई झाडताना दाखवायला हरकत नाही. पण झाडणं हे फक्त बाईचंच काम आहे, असं सुचवू नका. ही परिषद जाहिरातवाल्यांनीच नेमलेली संस्था आहे, तिथे कोणीही तक्रार करू शकतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पण सगळं काही नियमांवर सोडून भागणार नाही. गुरुजींना आणि बाईंना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मुलांना घरातली रिकामी वेष्टनं आणायला सांगा: साबणाची, चहाची, बिस्किटांची, मसाल्याची, खेळण्यांची. फळ्यावर तीन रकाने आखा. चित्रात कोण आहे? ते माणूस काय करतं आहे? आपल्या घरी हे काम कोण करतं? मुलं स्वतःच उत्तरं भरतील, आणि तिसरा रकाना पहिल्या दोहोंशी जुळत नाही हेही त्यांनाच दिसेल. मग वरच्या वर्गांना गणित घाला. ‘पुरुषांसाठी’ आणि ‘बायकांसाठी’ म्हणून विकलेल्या एकाच प्रकारच्या दोन वस्तूंचं वजन आणि किंमत वेष्टनावरून वाचायची, आणि दहा ग्रॅमला किती पैसे पडले ते काढायचं. त्रैराशिकही पक्कं होईल आणि डोळेही उघडतील.

आईबापांसाठी एवढंच: मुलीच्या हातातली बाहुली काढून घेऊ नका. बाहुलीत काही वाईट नाही. फक्त तिच्या शेजारी एक गाडी ठेवा, आणि मुलाच्या गाडीशेजारी एक पोळपाट ठेवा. दोघांना काय उचलायचं ते उचलू द्या. दुकानात कोणी ‘झिलाक की चेडवाक’ असं विचारलं, तर शांतपणे सांगा, ‘‘पोराक व्हया. तेका काय आवाडता, ता तेकाच इचारा.’’