चिपाडात काय उरतं?

ऊस खाताना आपण एक खोड खातोय, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. संक्रांतीच्या सुगडात उसाचे करवे बोरं आणि हरभऱ्याच्या पंक्तीला बसतात, त्यामुळे त्यालाही फळाचा मान मिळून जातो. प्रत्यक्षात ऊस म्हणजे गवत, आणि आपण सोलून खातो ते त्या गवताचं खोड. चघळून झाल्यावर थुंकलेलं चिपाड जरा बोटांत धरून पाहा. रस होता मऊ गराच्या पेशींत, तो पोटात गेला. उरलेले चिवट धागे म्हणजे त्या खोडाची नळयोजना.

ती नीट पाहायची तर धारदार सुरीनं कांडं आडवं कापावं. पांढुरक्या गरावर ठिपके दिसतात, मध्यभागी विरळ आणि सालीकडे बारीक, अगदी दाटीवाटीनं. एकेक ठिपका म्हणजे वाहिन्यांचं एकेक जुडगं. त्यातल्या जलवाहिन्या मेलेल्या, पोकळ पेशींच्या असतात. पानांतून पाणी वाफ होऊन उडतं आणि त्या ओढीनं मुळांकडचं पाणी पुरुषभर उंचीच्याही वर चढतं. पंप कुठंही नाही. शेजारच्या रसवाहिन्या जिवंत असतात, पण त्यांच्या पेशींनी वाट मोकळी करण्यासाठी आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं आणि त्यांचा संसार लगतच्या सोबती पेशी चालवतात. पानात तयार झालेली साखर या वाटेनं खोडात उतरते आणि गराच्या पेशी ऊर्जा खर्चून ती आपल्यात कोंबून ठेवतात. पक्क्या उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणी असतं, आणि साखर 10 ते 15 टक्के. बटाटा आपला साठा पिष्टाच्या रूपात करतो. ऊस सरळ साखरच साठवतो. आपलं नशीब, दुसरं काय!

सालीजवळच ठिपक्यांची एवढी गर्दी का? वाऱ्यानं खोड वाकतं तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या कडेवर येतो. म्हणून टणक तंतूंची फौज तिथं उभी. सायकलच्या सांगाड्याला भरीव गजांऐवजी नळ्या चालतात, त्यामागचं गणित हेच.

आंब्याच्या खोडात साल आणि लाकूड यांच्यामध्ये जाडी वाढवणारा पेशींचा एक थर असतो. उसात तो नाही. म्हणून एकदा तयार झालेलं पेर पुढं जाड होत नाही. ते लांबही होत नाही. याचा एक मजेदार परिणाम असा, की पाण्याची ओढ बसली त्या दिवसांतली पेरं आखूडच राहतात. जाणता शेतकरी उभ्या उसाकडं नुसतं बघून पाणी कधी तुटलं होतं ते सांगतो.

खरी करामत मात्र दोन पेरांमधल्या गाठीत आहे, जी खाताना आपण दाताला कठीण म्हणून तोडून फेकतो. तिथं वाहिन्यांची जाळी एकमेकींत गुंतलेली असते. गाठीवर एका बाजूला डोळा, पुढच्या गाठीवर बरोबर विरुद्ध बाजूला. डोळ्याच्या पातळीवर बारीक ठिपक्यांच्या ओळी खोडाला वेढून असतात. ही मुळांची तयारी. मोठ्या बांधणीत बुडाला माती लागली, की त्यातूनच मुळं सुटतात. या ठिपक्यांच्या लगेच वर एक फिकट, नितळ कडं दिसतं. वादळानं ऊस लोळला, की या कड्याची खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त वाढते आणि शेंडा पुन्हा आभाळाकडं वळतो. म्हणून लोळलेल्या फडातले ऊस टोकाला कोयत्यासारखे वाकलेले दिसतात.

मूळ आणि अंकुर दोन्ही गाठीतच तयार असल्यावर बी हवंय कशाला? दोन डोळ्यांची टिपरी सरीत आडवी ठेवली, डोळे बाजूला येतील एवढं पाहिलं, की झाली लागण. सबंध ऊस पुरला तर वरचे डोळे फुटतात आणि खालचे रेंगाळतात, कारण शेंड्याकडून खाली येणारं ऑक्झिन हे संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं. टिपरी तोडली की तो दाब तुटतो. तुरा आल्यावर उभ्या उसाला पांगशा फुटतात त्याही यामुळंच: वाढणाऱ्या शेंड्याचाच तुरा झाला, आता डोळ्यांना धाकात ठेवणार कोण? पुढं अशा उसाला दशी पडते, म्हणजे आतला गर कोरडा, भुसभुशीत होतो, आणि वजनही घटतं.

बियांपासून ऊस वाढवतात तो मुख्यतः संशोधन केंद्रात, नवं वाण काढण्यासाठी. कोइमतूरला 1912 मध्ये असं केंद्र सुरू झालं आणि तिथं गोड उसाचा संकर रानटी गवताशी करून को 205 हे वाण निघालं. नावातलं ‘को’ म्हणजे कोइमतूर. आपल्याकडं घरोघरी माहीत असलेला को 86032 त्याच घराण्यातला. असं प्रत्येक वाण एकाच रोपापासून सुरू होतं आणि पुढं टिपऱ्यांनीच पसरतं. म्हणजे सांगलीच्या फडातला को 86032 आणि नगरच्या फडातला को 86032 हे मुळात एकच झाड, लाखो तुकड्यांत वाटलेलं. मला तरी ही गोष्ट साखरेपेक्षा नवलाची वाटते.

पेरं पिकतात खालून वर. बुडखा सगळ्यात गोड, शेंडा अळणी. म्हणून वाढं जनावरांपुढं जातं आणि कोयता जमिनीलगत चालतो. पण तुटला म्हणून ऊस लगेच मरत नाही. त्याच्या पेशींतलं इन्व्हर्टेज हे विकर साठवलेली साखर फोडून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतं, आणि त्यांचे दाणे काही पडत नाहीत. कारखान्याच्या फाटकावर खोळंबलेल्या गाड्यांतला उतारा असा घटतो.

जमिनीत राहिलेल्या बुंध्यालाही गाठी असतात, एकमेकींना खेटून, प्रत्येकीवर डोळा. खोडवा येतो तो त्यांतूनच. तोडणी करणाऱ्यानं बुडखा उंच सोडला असेल, तर जमिनीवरचे डोळे आधी फुटतात, त्यांच्या मुळांना माती सापडत नाही आणि कोंब अशक्त राहतात. तेव्हा बुडखे छाटून जमिनीबरोबर करून घ्यावे लागतात.