विश्लेषण : मर्सिडीजचा तारा भारतात आधी ट्रकवर का आला? त्याचा लौकिक नेमका कशावर उभा आहे?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी तालुका कापसाचा, कोळशाचा आणि चुनखडीचा. इथल्या रस्त्यांवर आलिशान मोटारींपेक्षा टिपर, ट्रॅक्टर आणि एसटीच जास्त. शेजारच्या केळापूर तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर, म्हणजे नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, मात्र अधूनमधून तीन टोकांच्या ताऱ्याची एखादी मर्सिडीज झपकन निघून जाते. तिच्याकडे पाहून ‘श्रीमंतांची गाडी’ एवढेच मनात येते. पण हा तारा भारतीय रस्त्यांवर सगळीकडे पोहोचला तो मोटारीवरून नव्हे, मालट्रकवरून. १४० वर्षांच्या या कंपनीचा लौकिक कसा झाला, त्यावर डाग कोणते पडले आणि महाराष्ट्राचा तिच्याशी संबंध काय, याचा हा आढावा.

तारा आधी ट्रकवर कसा?

स्वातंत्र्यानंतर देशात रस्ते वाढत होते, पण माल वाहून नेणारी दणकट वाहने कमी होती. रेल्वेची इंजिने बनवण्यासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या ‘टेल्को’ने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी १५ वर्षांचा तांत्रिक सहकार्य करार केला. त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला. ‘टाटा-मर्सिडीज-बेंझ’ असे त्याचे जोडनाव होते आणि पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा.

हे ट्रक डिझेलवर चालत. कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त ओझे, कच्चे रस्ते, घाट, पावसाळ्यातली काळ्या मातीची दलदल हे सगळे त्यांनी सोसले. करारातली महत्त्वाची बाब अशी, की सुटे भाग हळूहळू भारतातच तयार करायचे होते. १९६९ मध्ये करार संपला, तेव्हा टेल्को स्वतःच्या बळावर ट्रक बनवू शकत होती. ताऱ्याच्या जागी इंग्रजी ‘टी’ अक्षर आले. दरम्यान, साठच्या दशकात टेल्कोने पुण्याजवळ पिंपरीला कारखाना उभारायला घेतला होता. याच पिंपरीचा मर्सिडीजशी पुढे पुन्हा संबंध येणार होता.

कंपनीची सुरुवात कुठून झाली?

कंपनीच्या मुळाशी एकमेकांपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, स्वतंत्रपणे काम करणारे दोन जर्मन अभियंते आहेत. मानहाइम शहरातल्या कार्ल बेंझ यांनी २९ जानेवारी १८८६ रोजी पेट्रोल इंजिनवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले. हा दिवस मोटारीचा जन्मदिवस मानला जातो. त्या गाडीची ताकद एका अश्वशक्तीपेक्षाही कमी होती. त्याच वर्षी स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट इथे गॉटलीब डेमलर यांनी विल्हेल्म मायबाख यांच्या साथीने चारचाकी बग्गीला इंजिन बसवले.

यंत्र तयार झाले तरी त्यावर लोकांचा विश्वास नव्हता. तो मिळवला कार्ल यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी. ऑगस्ट १८८८ मध्ये पतीला न सांगता, दोन मुलांना सोबत घेऊन त्या मानहाइमहून माहेरी, फोर्झहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोल पंप तेव्हा नव्हतेच. वाटेत एका औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेकचे लाकूड झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर गाडी ढकलावी लागली. जगातला हा पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास मानला जातो. गाडी कुठे कमी पडते हे कारखान्यात नव्हे, रस्त्यावर कळते, हा धडा कंपनीला अगदी सुरुवातीला मिळाला तो असा.

‘मर्सिडीज’ हे नाव कुणाचे?

हे नाव ना बेंझ यांचे, ना डेमलर यांचे. ते एका मुलीचे आहे. एमिल येलिनेक हे फ्रान्समधल्या नीस शहरात राहणारे धनाढ्य व्यापारी डेमलरच्या गाड्या विकत आणि शर्यतीतही उतरवत. १९०० मध्ये त्यांनी ३६ गाड्यांची मोठी मागणी नोंदवली, पण नवे, जास्त ताकदीचे इंजिन हवे आणि त्याला आपल्या मुलीचे नाव द्यावे, असे सांगून. मुलीचे नाव मर्सिडीज. मायबाख यांनी तयार केलेली ३५ अश्वशक्तीची ही गाडी १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत गाजली. १९०२ मध्ये नावाची नोंदणी झाली.

ताऱ्याची नोंदणी १९०९ ची. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी डेमलरची इंजिने चालावीत, असा त्याच्या तीन टोकांचा अर्थ सांगितला जातो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची अर्थव्यवस्था कोलमडली आणि एकेकाळच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या जून १९२६ मध्ये एकत्र आल्या. नाव झाले डेमलर-बेंझ आणि गाडीचे नाव मर्सिडीज-बेंझ.

इतिहासातले काळे पान कोणते?

हिटलर आणि नाझी पुढाऱ्यांच्या ताफ्यात मर्सिडीजच्या मोटारी होत्या. दुसऱ्या महायुद्धात कंपनीने जर्मन लष्करासाठी ट्रक आणि विमानांची इंजिने बनवली. १९४४ मध्ये तिच्याकडे ६३,६१० लोक काम करत होते. त्यांपैकी जवळपास निम्मे स्वेच्छेने आलेले कामगार नव्हते. ते व्यापलेल्या देशांतून बळजबरीने आणलेले नागरिक, युद्धकैदी आणि छळछावण्यांतले बंदी होते. हे आकडे कंपनीने स्वतःच्या इतिहासात मान्य केले आहेत. मात्र त्याला चार दशके लागली. ऐंशीच्या दशकात संशोधकांनी हा काळ उघड केल्यानंतर कंपनीने भरपाईसाठी रक्कम दिली. पुढे जर्मन सरकार आणि उद्योगांनी मिळून उभारलेल्या निधीतही ती सहभागी झाली.

मग लौकिक कशावर उभा राहिला?

युद्धानंतर दोन गोष्टींवर. पहिली, टिकाऊपणा. कंपनीच्या डिझेल मोटारी युरोपापासून आफ्रिकेपर्यंत टॅक्सी म्हणून लाखो किलोमीटर धावल्या. दुसरी, सुरक्षितता. पूर्वी गाडी जितकी कडक तितकी सुरक्षित, असा समज होता. कंपनीतले अभियंते बेला बारेनी यांनी तो उलटवला. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग टकरीत चुरगळला पाहिजे, म्हणजे धक्क्याची ताकद तिथेच जिरेल आणि माणसे बसतात तो मधला भाग शाबूत राहील, ही त्यांची कल्पना. १९५१ मध्ये त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ पासून ती विक्रीच्या मोटारीत आली. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी ‘एबीएस’ यंत्रणा १९७८ मध्ये ‘बॉश’च्या साथीने ‘एस क्लास’मध्ये आली. त्यानंतर काही वर्षांत एअरबॅग आली.

चुकाही झाल्या. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांनी नवी छोटी ‘ए क्लास’ वेगात अचानक वळवून पाहिली, तर ती उलटली. कंपनीने गाड्यांचा पुरवठा थांबवला, गाडीत बदल केले आणि घसरण रोखणारी ‘ईएसपी’ ही महागडी यंत्रणा प्रत्येक ‘ए क्लास’मध्ये बसवून दिली. डिझेलच्या धुराच्या प्रकरणाने मात्र लौकिकाला मोठा धक्का दिला. चाचणीत कमी आणि रस्त्यावर जास्त प्रदूषण, या आरोपांवरून २०२० मध्ये अमेरिकेत कंपनीने सुमारे २२० कोटी डॉलरची तडजोड केली. ज्या डिझेलने नाव कमावले, त्याच डिझेलने ते धोक्यात आणले.

महाराष्ट्रात मोटार कधी आली?

उदारीकरणानंतर १९९४ मध्ये मर्सिडीज-बेंझ इंडियाची स्थापना झाली, ती जुने भागीदार टेल्को यांच्यासोबत. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्याच आवारात ‘ई क्लास’ची जुळणी सुरू झाली. भारतात येणारी ही पहिली परदेशी आलिशान मोटार कंपनी. पुढे टाटा या भागीदारीतून बाहेर पडले आणि २००९ मध्ये चाकणला कंपनीचा स्वतःचा कारखाना सुरू झाला. पूर्ण तयार गाडी आयात केली तर त्यावर जबर शुल्क पडते. सुटे भाग आणून इथे जोडले तर ते बरेच कमी होते. चाकणच्या कारखान्यामागचे मुख्य गणित हेच.

स्पर्धाही वाढली. २००९ मध्ये बीएमडब्ल्यूने विक्रीत मर्सिडीजला मागे टाकले, नंतर ऑडीने पहिला क्रमांक घेतला. २०१५ मध्ये मर्सिडीजने तो परत मिळवला. २०२४ मध्ये कंपनीने भारतात १९,५६५ गाड्या विकल्या. देशात त्या वर्षी विकल्या गेलेल्या सगळ्या प्रवासी मोटारींच्या तुलनेत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये चाकणला जुळणी झालेल्या पहिल्या ‘ईक्यूएस’ विद्युत मोटारीच्या अनावरणाला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी गेले होते. किंमत दीड कोटीच्या पुढे. उत्पादन वाढवा म्हणजे किंमत उतरेल, आपल्यालाही ही गाडी परवडत नाही, असे त्यांनी तिथे बोलून दाखवले.

औरंगाबादच्या १५० गाड्यांची चर्चा का झाली?

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. ‘मराठवाड्यालाही मोठी बाजारपेठ आहे’ हे दाखवून देण्याचा अभिमान त्यामागे होता. बातमी देशभर गाजली.

तिची दुसरी बाजू पत्रकार पी. साईनाथ यांनी मांडली. या खरेदीच्या सुमारे दोन तृतीयांश रकमेसाठी सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकेने कर्ज दिले होते आणि व्याज होते ७ टक्के. त्याच काळात शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर १२ टक्क्यांच्या पुढे व्याज पडत होते. एकगठ्ठा खरेदी असली की ग्राहकाला घासाघीस करता येते. एकट्या शेतकऱ्याला ती करता येत नाही.

हा फरक किती, ते साध्या हिशोबाने पाहू. सहा लाखांचे कर्ज, पाच वर्षांची मुदत आणि दरमहा हप्ता धरला, तर ७ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे ११,८८० रुपये. १२ टक्क्यांनी तो होतो सुमारे १३,३५० रुपये. पाच वर्षांत शेतकऱ्याच्या खिशातून जवळपास ८८ हजार रुपये जास्त जातात. कर्जाच्या ओझ्यामुळे २००६ मध्ये विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना विशेष पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत यवतमाळ होता. त्यामुळे हा हिशोब झरी जामणीतल्या कापूस उत्पादकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. यात दोष मोटारीचा नाही. पण प्रतिष्ठेची वस्तू स्वस्त कर्जावर आणि कष्टाचे अवजार महाग कर्जावर, हा प्रश्न त्या ताऱ्यामुळे लख्ख दिसला.

टिपरवरचे ‘भारतबेंझ’ म्हणजे मर्सिडीजच का?

नाते आहे, पण कंपनी आता वेगळी. डेमलरने २०१२ मध्ये चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातून ‘भारतबेंझ’ ट्रक बाजारात आणले. खाणीच्या आणि बांधकामाच्या कामातही या नावाचे टिपर वापरले जातात. त्यांवर तीन टोकांचा तारा नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रकचा व्यवसाय ‘डेमलर ट्रक’ म्हणून वेगळा झाला आणि मोटारींची कंपनी २०२२ पासून मर्सिडीज-बेंझ ग्रुप या नावाने चालते.

गाडी न घेणाऱ्याला यातून काय मिळाले?

सर्वांत मोठी गोष्ट सुरक्षिततेची. एकेकाळी ‘एस क्लास’पुरती असलेली ‘एबीएस’ आणि चालकासाठीची एअरबॅग २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना सक्तीची झाली. म्हणजे मुकुटबनहून वणीला प्रवासी नेणारी साधी गाडी नवी असेल, तर तिच्यातही हे तंत्र आहे.

पण गाडीचा लौकिक माणसाला आपोआप वाचवत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी मर्सिडीज होती. पुढच्या सीटवरचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघे दगावले. त्यांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलीस तपासात पुढे आले. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. गाडी दीड कोटीची असो की पाच लाखांची, तो लावायला काहीच पैसे पडत नाहीत.