डोळ्यातले राखणदार



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक ताई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. ऊस तोडताना पाचट लागलेलं. घरात जुने थेंब होते, तेच आठ दिवस घालत होत्या. "लाली तर उतरली की," म्हणाल्या. बाटली बघितली, तर थेंब स्टिरॉइडचे. म्हणून आज हा विषय.

डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर आरपार दिसतं. मग तिथं जंतू शिरला तर लढणार कोण? त्यासाठी शरीराने राखणदार पेशी ठेवल्या आहेत. काहींना झाडासारख्या फांद्या असतात. त्या परका कोण ते ओळखून इतरांना कळवतात. दुसऱ्या टी पेशी. त्यातल्या काही जुना शत्रू लक्षात ठेवतात.

पूर्वी या पेशी नीट बघायच्या तर काढलेला तुकडा रंगवून बघावा लागे. त्यात हालचाल कुठून दिसणार? आता कॉन्फोकल मायक्रोस्कोपने त्या जिवंत डोळ्यातच दिसतात. डोळा बधिर करणारे थेंब टाकतात आणि जेल लावलेलं यंत्राचं टोक हलकेच टेकवतात. मंद लेसरचा उजेड एका वेळी एकाच थराचं चित्र देतो. कापणं नाही, सुई नाही.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी एकाच जागेचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतले आणि जोडून व्हिडिओ केला. २०२३ साली त्यांनी सांगितलं, की अगदी निरोगी डोळ्यातही टी पेशी फिरत असतात. म्हणजे दुखणं नसतानाही गस्त चालूच!

आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात अशाच यंत्राने कॉर्नियाच्या जखमेतले बुरशीचे धागे शोधतात. शेतात पाला, पाचट, कुसळ लागून अशी बुरशी डोळ्यात शिरते. राखणदार लढतात, तेव्हा डोळा लाल होतो. स्टिरॉइड या राखणदारांनाच झोपवतं. लाली उतरते, आपल्याला वाटतं बरं झालं. पण आत बुरशी पसरत राहते. काही आजारांत डॉक्टर स्टिरॉइड देतात, ते तपासून. आपण मनाने घालायचं नाही.

एवढं लक्षात ठेवा:

• डोळ्याला काही लागलं तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा.
• उरलेले थेंब, मध, तेल, दूध काहीही घालू नका.
• दुखणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं, पांढरा ठिपका, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आधी काही घातलं असेल तर ती बाटली सोबत न्या.

त्या ताईंच्या बुबुळावर पांढरा ठिपका पडला होता. बुरशीच निघाली. उपचार अजून चालू आहेत.

पुढच्या बैठकीला घरातल्या थेंबांच्या बाटल्या घेऊन या. नाव आणि तारीख सगळ्या मिळून वाचू.